बोटे, बाण आणि पहिले वर्ष

विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींविषयी महाविद्यालये दोन गोष्टी गृहीत धरतात. सेंद्रिय रसायनशास्त्राशी त्यांची तोंडओळख झाली आहे, कारण बारावीला ते होते. आणि संगणकावर टाइप करणे त्यांना येते, कारण हातात मोबाइल आहे. दोन्ही गृहीतके कच्ची आहेत. पहिल्या विषयाला निदान अभ्यासक्रम आहे, क्रेडिट आहेत, प्रयोगशाळा आहे. दुसऱ्याला महाविद्यालयात बहुधा जागाच नसते. तो गावातल्या टायपिंग क्लासवर सोपवलेला असतो आणि तिथेही तो सरकारी नोकरीच्या अर्जासाठी लागणारे प्रमाणपत्र म्हणूनच शिकला जातो.

एक विषय बुद्धीचा आणि एक बोटांचा, असे म्हणून हे दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची आपल्याला सवय आहे. तरी ते शेजारी ठेवून पाहावेत असे मला वाटते. दोन्हींच्या अध्यापनावर बरेच संशोधन झाले आहे आणि ते वाचत गेले की एकच दुखणे पुन्हा पुन्हा समोर येते. परीक्षा शेवट तपासते. अभिक्रियेतून काय तयार झाले, मिनिटाला किती शब्द झाले, एवढेच ती विचारते. त्या शेवटापर्यंत चुकीच्या वाटेनेही पोचता येते. पहिल्या वर्षी ही चुकीची वाट लपून जाते, गुणही पडतात. काम अवघड झाले की ती उघडी पडते, आणि तोवर सवय इतकी मुरलेली असते की ती मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

टंकलेखनापासून सुरुवात करू. क्रिस्टोफर शोल्स यांच्या रचनेवरचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणले. ते कसे वापरावे याची शिस्त मात्र यंत्रासोबत आली नाही. २५ जुलै १८८८ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात फ्रँक मॅकगरिन आणि लुई ट्रॉब यांच्यात टंकलेखनाची जाहीर स्पर्धा झाली. मॅकगरिन हे सॉल्ट लेक सिटीमधील न्यायालयीन लघुलेखक. त्यांनी कळफलक पाठ केला होता आणि त्याकडे न पाहता ते टाइप करत. ते जिंकले, वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलली, आणि न पाहता टाइप करण्याची पद्धत शिकवण्याजोगी आहे हे हळूहळू सर्वमान्य झाले. आपल्याकडच्या क्लासमध्ये आजही पहिल्या दिवशी ‘ए एस डी एफ’ आणि ‘सेमीकोलन एल के जे’ यांची पानेच्या पाने गिरवून घेतात, त्याचे मूळ याच काळातल्या शिस्तीत आहे.

ही शिस्त खरोखर किती गरजेची, हा प्रश्न अलीकडे नव्याने विचारला गेला. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये तीस जणांच्या बोटांची हालचाल कॅमेऱ्यांनी टिपली. क्लास न लावलेले, पाच-सहा बोटांनी टाइप करणारे काही जण दहा बोटांनी रीतसर शिकलेल्यांइतकेच वेगवान निघाले. वेगवानांचे वैशिष्ट्य वेगळेच होते: एका कळेसाठी ते दर वेळी तेच बोट वापरत आणि पुढच्या कळेची तयारी आधीपासून करत. याच विद्यापीठाने केंब्रिजच्या सहकार्याने २०१८ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १ लाख ६८ हजार स्वयंसेवक, १३ कोटी ६० लाख कळदाब. सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द निघाला. वेगवान मंडळी आधीची कळ सुटायच्या आत पुढची दाबत होती, हेही त्यात स्पष्ट दिसले.

मग क्लासची गरज संपली का? मला तसे वाटत नाही. त्याच २०१६ च्या अभ्यासात एक फरक ठळक होता: स्वतःच शिकलेल्यांची नजर कळफलकाकडे फार जास्त वेळ जात होती. नुसता वेग मोजला तर हा फरक दिसत नाही. पण विद्यार्थी जेव्हा प्रयोगाचा अहवाल लिहितो, स्वतःच्या मनातले वाक्य जुळवतो, तेव्हा नजर पडद्यावर असली तरच चूक तिथल्या तिथे दिसते आणि विचाराचा धागा तुटत नाही. वेगाच्या परीक्षेत दोघेही उत्तीर्ण होतात. लिहिण्याच्या कामात एक जण सारखा अडखळतो. गुणपत्रिकेवर मात्र दोघे सारखेच दिसतात.

मोबाइलवरच्या टायपिंगने या गोंधळात भर घातली आहे. २०१९ मध्ये ३७ हजारांहून अधिक लोकांच्या मोबाइल-टायपिंगचा अभ्यास झाला. सरासरी वेग मिनिटाला ३६ शब्दांच्या आसपास होता आणि दहा ते एकोणीस वयोगट त्यांच्या आईवडिलांच्या पिढीपेक्षा मिनिटाला सुमारे दहा शब्दांनी पुढे होता. मुलांचे अंगठे तयार आहेत, यात शंका नाही. पण अंगठ्यांचे हे कौशल्य दहा बोटांत आपोआप उतरत नाही. पहिल्या वर्षाच्या संगणक प्रयोगशाळेत गप्पांचे संदेश विजेसारखे पाठवणारी मुले एकेक कळ शोधत बसतात, हे कोणत्याही प्राध्यापकाला विचारावे.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट होतो, कारण त्याला एक नाही, दोन कळफलक शिकायचे असतात, आणि मराठीच्या कळफलकालाही एकच एक रूप नाही. इथे थोडे थांबायला हवे. ही गुंतागुंत ठाऊक नसल्याने शाळा-महाविद्यालये मराठी टायपिंगकडे पाठ फिरवतात.

जुनी परंपरा रेमिंग्टन पद्धतीची. यांत्रिक टंकलेखन यंत्रावर कागदावर जे उमटते त्या क्रमाने कळा दाबाव्या लागत. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. अर्धे अक्षर आणि काना जोडून पूर्ण अक्षर बनवायचे, असेही त्यात होते. मराठी कचेऱ्यांतल्या आणि छापखान्यांतल्या दोन-तीन पिढ्यांची बोटे या क्रमावर तयार झाली. भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र गोदरेजने १९५५ मध्ये आणले आणि २००९ मध्ये त्या यंत्रांचे उत्पादन थांबवले. यंत्र गेले, पण बोटांची सवय संगणकावर आली. रेमिंग्टन मांडणी सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उतरवावी लागली, कारण ती ज्यांच्या हातात होती त्यांच्यावाचून सरकारी काम एक दिवस चालले नसते.

दुसरी परंपरा इन्स्क्रिप्टची. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी समान मांडणी मान्य केली आणि १९८८ मध्ये ती सुधारली. पुण्याच्या सीडॅकने तिचा प्रसार केला. तिच्यामागची कल्पना आपल्या वर्णमालेची आहे. स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. क आणि ख एकाच कळेवर, ख साठी फक्त शिफ्ट. तसेच ग-घ, त-थ, ट-ठ, प-फ. अक्षराचा पाय मोडायची कळ डाव्या मधल्या बोटाखाली, मधल्या ओळीत. ‘रक्त’ हा शब्द लिहायला र, क, पाय मोडण्याची कळ, त, अशा चार कळा, त्याही सगळ्या मधल्या ओळीतल्या. हात हलवावा लागत नाही. उच्चाराचा जो क्रम तोच कळांचा क्रम. जो मुलगा ‘क ख ग घ’ म्हणत लहानाचा मोठा झाला त्याला हा कळफलक परका वाटू नये.

तिसरी परंपरा, जी आज मुलांच्या हातात सर्वांत जास्त आहे, ती रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची. इंग्रजी कळांवर उच्चार टाइप करायचा आणि यंत्राने सुचवलेला मराठी शब्द निवडायचा. सुरुवात सोपी होते, यात वाद नाही. पण ळ, ण, ष, ऱ्हस्व-दीर्घ यांचा निर्णय दर शब्दाला यंत्रावर सोपवला जातो, आणि नजर कायम सुचवलेल्या शब्दांच्या पट्टीवर खिळून राहते. २०१७ पासून मराठी बोलून लिहिण्याची सोयही गुगलने दिली. घरच्या निरोपासाठी ती उत्तम आहे. शास्त्राच्या अहवालात, जिथे वाक्यात निम्मे शब्द पारिभाषिक असतात, तिथे ती अजून पुरी पडत नाही.

यातच भर म्हणून नव्वदच्या दशकातल्या फाँटच्या पद्धती होत्या. एका सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांचा ढीग समोर यायचा. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे, पण मराठीच्या खास गरजा पुऱ्या व्हायला वेळ लागला. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. आज कोणत्याही संगणकावर इन्स्क्रिप्ट विनामूल्य असते. त्यामुळे कोणता कळफलक शिकवावा, हा प्रश्न माझ्या मते आता खुला राहिलेला नाही. नव्याने शिकणाऱ्याला इन्स्क्रिप्टच शिकवावा. रेमिंग्टन ज्यांच्या बोटांत आहे त्यांना तो सोडायला लावू नये. त्यांची ती कमाई आहे.

महाराष्ट्रात टंकलेखनाच्या शासकीय परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. यांत्रिक टंकलेखन यंत्रांवरची परीक्षा गेल्या दशकात बंद होऊन संगणक टायपिंगचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला: वेगाचा उतारा, पत्र, तक्ता, ई-मेल. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द ही अट ज्यांनी स्पर्धा परीक्षांची तयारी केली आहे त्यांना तोंडपाठ असते. हजारो घरांत या प्रमाणपत्राने पहिली पगाराची नोकरी आणली आहे, त्याची किंमत मी कमी लेखत नाही. माझी तक्रार एवढीच की हे कौशल्य नोकरीच्या अर्जाला चिकटून राहिले. बी.एस्सी.चा विद्यार्थी, पुढे संशोधन करू पाहणारी मुलगी, मराठीतून विज्ञान लिहू इच्छिणारा शिक्षक यांना ते लागते, असा विचार विद्यापीठांनी केला नाही. क्लासमध्येही वेगाचा उतारा उतरवून काढणे हा परीक्षेचा कणा राहिला. स्वतः रचलेले वाक्य न अडखळता पडद्यावर उतरवणे कुणी तपासत नाही.

आता सेंद्रिय रसायनशास्त्राकडे वळू. हा विषय जगभर ‘पाठांतराचा’ म्हणून बदनाम आहे, आणि ही बदनामी त्याने स्वतः कमावलेली नाही. कार्बनच्या लाखो संयुगांना एका सूत्रात बांधणारी गोष्ट फार थोडी आहे: इलेक्ट्रॉन जिथे जास्त आहेत तिथून ते जिथे कमी आहेत तिकडे जातात. हे जाणे दाखवायला वाकडा बाण काढण्याची पद्धत रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२२ मध्ये मांडली आणि ख्रिस्तोफर इंगोल्ड यांनी पुढच्या दोन दशकांत अभिक्रियांच्या यंत्रणांचे शास्त्र उभे केले. पाठ्यपुस्तकांत ही दृष्टी रुजायला १९५९ उजाडले. न्यूयॉर्क विद्यापीठातील मॉरिसन आणि बॉइड यांचे पुस्तक त्या वर्षी आले आणि त्याच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी झिजवल्या.

तरीही आपल्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांचा सांगाडा जुनाच राहिला. अल्केन, अल्कीन, अल्कोहोल, अल्डिहाइड. प्रत्येकाच्या प्राप्तीच्या पद्धती, भौतिक गुणधर्म, रासायनिक गुणधर्म, उपयोग. यंत्रणा मध्ये कुठेतरी चौकटीत. त्यावर ‘नेम रिअ‍ॅक्शन’ची यादी: रोझेनमुंड, स्टीफन, एटार्ड, कॅनिझारो. ‘कन्व्हर्जन’चे तक्ते भिंतीवर चिकटवलेले. नीट परीक्षेच्या १८० प्रश्नांत रसायनशास्त्राचे ४५, सगळे पर्यायी. पर्यायी प्रश्नाला उत्पादित ओळखता आले की पुरे, बाण कुठून निघाला हे तो विचारूच शकत नाही. दोन वर्षे अशी तयारी करून मुलगा महाविद्यालयात येतो तेव्हा त्याच्या दृष्टीने अभिक्रिया म्हणजे डावीकडचे, बाणावर लिहिलेले आणि उजवीकडचे, अशा तीन गोष्टींची त्रयी.

ही वाट कुठे अडते ते एका उदाहरणाने सांगतो. प्रोपीनमध्ये हायड्रोजन ब्रोमाइड मिळवले की २-ब्रोमोप्रोपेन मिळते. मार्कोव्हनिकोव्हचा नियम पाठ असलेला विद्यार्थी सांगेल: ज्या कार्बनवर हायड्रोजन जास्त, तिकडे हायड्रोजन जातो. उत्तर बरोबर, पूर्ण गुण. आता ३-मिथिल-१-ब्युटीन घ्या आणि त्यात हायड्रोजन क्लोराइड मिळवा. नियमाप्रमाणे क्लोरीन दुसऱ्या कार्बनवर बसायला हवा, आणि काही प्रमाणात बसतोही. पण त्यासोबत एक दुसरे संयुग मिळते, ज्यात क्लोरीन तिसऱ्या कार्बनवर आहे, जिथे दुहेरी बंध कधी नव्हताच. नियम पाठ असणारा इथे हतबल होतो.

बाण काढणारा होत नाही. दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन हायड्रोजनकडे गेले की दुसऱ्या कार्बनवर धन प्रभार येतो, म्हणजे द्वितीयक कार्बोकॅटायन तयार होतो, हे त्याच्या कागदावर दिसते. शेजारच्या तिसऱ्या कार्बनवर एक हायड्रोजन आहे; तो आपल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीसकट सरकला तर प्रभार तिसऱ्या कार्बनवर जातो आणि अधिक स्थिर असा तृतीयक कार्बोकॅटायन मिळतो. मग क्लोराइड तिथेच जाऊन बसतो. एकदा हे समजले की मार्कोव्हनिकोव्हचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. तो याच विचाराचा एक परिणाम आहे. पेरॉक्साइडच्या उपस्थितीत हायड्रोजन ब्रोमाइड उलट्या जागी का बसते, हेही मग वेगळे कोडे राहत नाही, कारण तिथे मुक्त मूलकांची यंत्रणा काम करते हे त्याला शोधता येते.

विद्यार्थी हे का करत नाहीत, यावर अमेरिकेत गेल्या वीस वर्षांत चांगले काम झाले आहे. भट्टाचार्य आणि बोडनर यांनी २००५ मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यंत्रणा लिहायला सांगून त्यांच्याशी सविस्तर बोलून पाहिले. त्यांचे बाण बरेचदा बरोबर होते, पण त्यांना त्या बाणांत काही भौतिक अर्थ दिसत नव्हता. बाणामुळे आपण उत्पादितापर्यंत पोचतो एवढेच. मेलनी कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की बरेच विद्यार्थी, बाण काढा असे स्पष्ट सांगूनही, आधी आठवणीतून उत्पादित लिहितात आणि मग वर बाण चढवतात. ओळखीच्या प्रश्नांत बाण वापरणारे आणि न वापरणारे यांच्यात फारसा फरक पडला नाही. जिथे स्मरणावर भागत नव्हते तिथे मात्र बाण वापरणारे पुढे होते. माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच. सोप्या परीक्षेत वाट तपासली जात नाही, म्हणून सोपी परीक्षा चुकीची वाट पक्की करते.

आपल्या प्रयोगशाळेतही हेच घडते, आणि त्याविषयी उघडपणे बोलले जात नाही. सेंद्रिय विश्लेषणाचे प्रात्यक्षिक: अज्ञात संयुग ओळखायचे. प्राथमिक चाचण्या, लॅसेन चाचणीने मूलद्रव्ये, मग क्रियाशील गट, मग द्रवणांक. रचना अतिशय सुंदर आहे; प्रत्येक पायरीवर शक्यता कमी होत जातात. पण महाविद्यालयाकडे संयुगे ठरलेली असतात आणि ती कोणती हे आदल्या वर्षीच्या मुलांकडून कळते. नॅफ्थॅलीन वासाने कळते, काही संयुगे रंगाने. मग जर्नलमध्ये चाचण्या उलट्या दिशेने भरल्या जातात: आधी नाव, मग त्या नावाला शोभणारी निरीक्षणे. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. नावाला गुण आहेत, शोधाला नाहीत. ‘हे संयुग मला ओळखता आले नाही, पण त्यात नायट्रोजन आहे आणि ते आम्लधर्मी आहे, असे मी म्हणतो याची कारणे ही’, असे लिहिणाऱ्या मुलीला आपल्या गुणदान पद्धतीत जागा नाही, आणि खरी रसायनशास्त्रज्ञ तीच आहे.

अमेरिकेत हा विषय दुसऱ्या वर्षाला असतो आणि वैद्यकीय शिक्षणाच्या दारातला पहारेकरी मानला जातो. २०१५ मध्ये तिथल्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत जीवरसायनाचे वजन वाढले, सेंद्रिय रसायनाचे घटले. तरी धास्ती गेली नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मेटलँड जोन्स या नामवंत, स्वतः पाठ्यपुस्तक लिहिलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकांविरुद्ध वर्गातल्या ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी निवेदन दिले आणि विद्यापीठाने त्यांचा करार संपवला. चर्चा बहुतांशी ‘कडक शिक्षक की लाडावलेली मुले’ याच वळणावर अडकली. त्या वर्गातल्या परीक्षा नेमके काय तपासत होत्या, मुले कुठे तुटत होती, हे बाजूलाच पडले. आपल्याकडेही ‘पेपर सोपा की अवघड’ यापलीकडे चर्चा जात नाही.

वेगळी वाट कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाने २०१२ पासून धरली आहे. ॲलिसन फ्लिन आणि सहकाऱ्यांनी तिथला सेंद्रियचा अभ्यासक्रम उलटा मांडला. आधी बाणांची भाषा, एकही अभिक्रिया न शिकवता. बाण कुठून सुरू होतो, कुठे संपतो, प्रभार कुठे जातो. मग अभिक्रिया, पण क्रियाशील गटांच्या क्रमाने नव्हे, यंत्रणेच्या सोप्यापासून अवघडाकडे जाणाऱ्या क्रमाने. टायपिंग क्लासमध्ये आधी मधल्या ओळीतल्या कळा, मग शब्द, मग उतारा, तसाच हा क्रम. पहिल्या वर्षासाठी मला हाच मार्ग सर्वांत रास्त वाटतो, आणि तो अमलात आणायला नवे उपकरण लागत नाही. लागतो तो फक्त धड्यांचा क्रम बदलण्याचा निश्चय. शिकवण्याच्या रीतीविषयीही पुरावा भक्कम आहे. २०१४ मध्ये विज्ञान व गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, विद्यार्थ्यांना वर्गातच काम करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के.

दोन्ही विषयांत एक मोठा फरक आहे आणि तो विसरला तर ही तुलना फसवी ठरेल. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात शंभर जणांवर एक प्रयोग झाला. ते सरासरी मिनिटाला ७२ शब्द, ९४ टक्के अचूकतेने टाइप करत. त्यांना कोरा कळफलक देऊन अक्षरे भरायला सांगितली, तर सरासरी फक्त १५ अक्षरे बरोबर जागी आली. बोटांना जे पक्के ठाऊक होते ते मनाला सांगता येत नव्हते. टंकलेखनात हे यशाचे लक्षण आहे. ज्ञान हातात उतरले, मन मोकळे झाले. रसायनशास्त्रात हेच अपयश ठरते. बाण सराईतपणे काढता आला पण का काढला ते सांगता आले नाही, तर तो बाण निरुपयोगी. म्हणून टायपिंगचा सराव पुढे पुढे मूक होत जावा आणि यंत्रणेचा सराव मात्र कायम बोलका राहावा. फळ्यासमोर उभे राहून ‘हा बाण इथून का निघतो’ हे मोठ्याने सांगायला लावणे, ही जुनी रीत टिकवण्याजोगी आहे.

सराव किती आणि कसा, यावर दोन्हींकडे उत्तर एकच आहे. सत्तरच्या दशकात ब्रिटिश टपाल खात्याला पत्रे कळफलकाच्या साह्याने वेगळी करण्यासाठी पोस्टमनना टायपिंग शिकवायचे होते. बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले: दिवसाला एक तास, एक तासाच्या दोन बैठका, दोन तासांची एक, आणि दोन तासांच्या दोन. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दिवसाला एकच तास शिकणाऱ्या गटाला तोच टप्पा गाठायला एकूण सर्वांत कमी तास लागले. गंमत अशी, की तोच गट सर्वांत असमाधानी होता, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागे पडतोय असे त्यांना वाटत होते. आपल्या टायपिंग क्लासची रोज एक तासाची बॅच, तीही महिनोन्‌महिने, या निष्कर्षाशी तंतोतंत जुळते. महाविद्यालयात मात्र सेंद्रियची व्याख्याने आठवड्यात एक-दोन आणि अभ्यास सत्रपरीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात. जुन्या टायपिंग क्लासकडून विद्यापीठाने शिकावे अशी ही ठोस गोष्ट आहे: रोज थोडे, आणि चूक त्याच दिवशी दुरुस्त.

हे दोन विषय प्रत्यक्षात एकत्र येतात अशी एक जागाही आहे, आणि ती आजच्या विद्यार्थ्याच्या रोजच्या वापरातली आहे. डेव्हिड वाइनिंगर यांनी ऐंशीच्या दशकात रेणूची रचना साध्या कळफलकावर एका ओळीत टाइप करण्याची पद्धत तयार केली. स्माइल्स या नावाने ती ओळखली जाते. पबकेमसारखी मोठी माहितीभांडारे तिच्या आधारे शोध घेऊ देतात. हायड्रोजन लिहायचे नाहीत, बाकीचे अणू जोडणीच्या क्रमाने लिहायचे. सी-सी-ओ टाइप केले की इथेनॉल, ७८ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव. हात घसरून सी-ओ-सी झाले की डायमिथिल ईथर, उणे २४ अंशांनाच उकळणारा, म्हणजे आपल्या खोलीत वायूच. अणू तेच, संख्या तीच, फक्त कळांचा क्रम बदलला. पहिल्या वर्षाच्या वर्गात समघटकता शिकवायला याहून हाताशी असलेले साधन मला माहीत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत कौशल्याच्या विषयांना आता क्रेडिट मिळतात. प्रात्यक्षिकाच्या दोन क्रेडिटना साठ तास असतात. विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला त्यातले साठ तास कळफलकासाठी द्यावेत, एकदम नव्हे, सत्रभर पसरून: इंग्रजी कळफलक न पाहता, मराठी इन्स्क्रिप्ट, रासायनिक सूत्रांतले खालचे-वरचे आकडे, रेणूंची ओळ. परीक्षेत उतारा नक्कल करायला देऊ नये. एक निरीक्षण द्यावे आणि त्यावर अर्धे पान स्वतःचे लिहायला सांगावे, कळफलकावर कापड टाकून. सेंद्रियच्या प्रश्नपत्रिकेत निदान काही प्रश्न असे असावेत की उत्पादित छापलेलेच असेल आणि गुण फक्त वाटेला असतील. प्रयोगशाळेत निरीक्षणावरून काढलेल्या अनुमानाला नावापेक्षा जास्त गुण असावेत.

यात अडचण आहे ती शिक्षकाची, आणि ती खरी आहे. उत्पादित बरोबर की चूक हे एका नजरेत कळते. बाण तपासायला प्रत्येक कागदावर थांबावे लागते. शंभर-सव्वाशे मुलांचा वर्ग, रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर नेमलेले अध्यापक, ज्यांना वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात आणि कागद तपासण्याच्या तासांचे नाही. वाट तपासणारी परीक्षा विद्यापीठाला हवी असेल, तर कागद तपासण्याचे तास अध्यापकाच्या कार्यभारात धरावे लागतील आणि तासिकेवरच्या अध्यापकाला त्यांचे वेतन द्यावे लागेल. अभ्यासमंडळांच्या बैठकीत नव्या धड्यांच्या आधी या तरतुदीवर चर्चा व्हायला हवी.